बारा बार गप्प

माझ्या टेबलाच्या खणात एक कागद आहे. फुलस्केपपेक्षा थोडा मोठा, कडेने पिवळा पडलेला. मधोमध घडीवर फाटला म्हणून लावलेली सेलोटेपही आता तपकिरी झाली आहे. पाच-पाच रेघांच्या बारा ओळी, त्यांवर शाईने काढलेली टिंबं, शेपट्या, आडव्या जाड रेघा आणि मध्येच एकेक आकडा. सातव्या ओळीवर कुणीतरी पेन्सिलीने चष्मा काढला आहे. डाव्या कोपऱ्यात ‘सेकंड व्हायोलिन’, उजव्या कोपऱ्यात ‘एस थ्री’. गाण्याचं नाव नाही, सिनेमाचं नाही, तारीख नाही. मागच्या कोऱ्या बाजूला घरखर्च मांडलेला आहे: तांदूळ, रॉकेल, पाव, डॉक्टर.

हा कागद कुठल्या गाण्याचा, हे मला अनेक वर्षं माहीत नव्हतं. शोध घेत हिंडलो वगैरे काही नाही. दिवाळीच्या आधी खण आवरताना तो हाताला लागायचा, मी अर्धा तास तो घेऊन बसायचो, आणि आतून हाक आली की परत खणात टाकायचो.

तो ज्यांच्याकडून आला त्यांना मी अंकल म्हणायचो. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं वाजवून ते कुठल्या पडद्यावर की तबकडीवर आलं नाही, आता माझ्या लेखात आलं तर त्यांनाच अवघडल्यासारखं होईल.

1985 साली मी अकरा वर्षांचा होतो. आम्ही ठाकुरद्वारला चाळीत राहायचो. वडिलांकडे प्रभाकर जोगांच्या ‘गाणारे व्हायोलिन’ची कॅसेट होती आणि रविवारी सकाळी पोह्यांबरोबर ती लागायचीच. ‘गीतरामायणा’त सुधीर फडक्यांच्या साथीला बसणाऱ्या जोगांचं वाजवणं म्हणजे, शब्द नसताना शब्द ऐकू यायचे. वडिलांच्या मनाने घेतलं की आपल्या मुलानेही व्हायोलिन असं गायला लावायचं. ऑफिसातल्या कुणीतरी धोबी तलावाजवळ सोनापूर गल्लीतला एक पत्ता दिला. ‘सिनेमात वाजवतात’ एवढीच शिफारस होती, आणि आमच्या घरात तेवढी पुरेशी होती.

दुसऱ्या मजल्यावरची लांबट खोली. भिंतीवर येशूची तसबीर, तिच्याखाली लाल बल्ब, पलंगाखाली पत्र्याची ट्रंक, खिडकीत आंटीची कढीपत्त्याची कुंडी. अंकल पांढरी बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा घालून बसलेले. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात व्हायोलिन दिलंच नाही. गजाला राळ कशी लावायची ते दाखवलं, आणि मग राळ लावून घेतली. तासभर. ते गजाला ‘बो’ म्हणायचे, माझे वडील गज म्हणायचे. मी दोन्हीकडे दोन्ही म्हणायला शिकलो.

पहिलं वर्ष मोकळ्या तारांवर गेलं. लांब गज, टोकापासून टोकापर्यंत, आठ मोजून खाली, आठ मोजून वर. घरी आई विचारायची, ‘गाणं कधी शिकवणार म्हणे?’ दुसऱ्या वर्षी बोटं आली, सुरावटी आल्या, पण गाणं काही येईना. त्याऐवजी एक विचित्र खेळ सुरू झाला. अंकल स्वतः पहिल्या व्हायोलिनचा भाग वाजवायचे. मी गज मांडीवर ठेवून बसायचं. बारा बार गप्प. बार म्हणजे चार मात्रांचं एक घर. तेराव्या बारच्या दुसऱ्या मात्रेवर एकच लांब, अगदी हळू सूर लावायचा. बस्स.

मोजायची पद्धत ठरलेली होती: एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार, तीन दोन तीन चार, चार दोन तीन चार. पहिला आकडा बारचा, बाकीचे मात्रांचे. मी सातव्या-आठव्याला हरवायचो आणि मग अंकलच्या वाजवण्यावरून अंदाजाने आत शिरायचो. ते लगेच थांबायचे.

‘तू मोजत नाय. तू ऐकतो. ऐकून येणारा माणूस नेहमी उशिरा येतो, पुता.’

एकदा वडील स्वतः भेटायला आले. अदबीने म्हणाले, मास्तर, याला एखादं भावगीत वगैरे बसवून द्या, गणपतीत वाजवेल. अंकलना प्रश्न खरोखरच कळला नाही. ते म्हणाले, ‘गाणं लताबाई म्हणते ना. मग आपण कशाला?’

वडिलांना हवं होतं गाणारं व्हायोलिन, आणि मी शिकत होतो गप्प बसणारं.

अंकल गोव्यातल्या, सासष्टीतल्या एका गावातून आले होते. त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या चर्चच्या शाळेत मेस्त्री, म्हणजे संगीताचा मास्तर, मुलांना सुरांच्या रेघा वाचायला शिकवायचा. अंकल सांगायचे की त्यांना सोल्फेज, म्हणजे सूर वाचून म्हणणं, आधी आलं आणि अ-आ नंतर. पोर्तुगिजांनी ही शाळा काढली ती चर्चमधल्या गायनवादनासाठी. तिच्यातून पुढे मुंबईचा सिनेमा वाजवणारी माणसं तयार होतील असं कुणाच्या स्वप्नातही नसणार. 1948 साली, अठरा वर्षांचे असताना, ते गावच्या कुडीत येऊन उतरले. धोबी तलावच्या आसपास, त्या जेर महालसारख्या इमारतींत, गोव्याच्या गावागावांच्या अशा कुडी होत्या. जहाजावर जाणारे-येणारे, नोकरी शोधणारे गावकरी तिथे अगदी थोड्या पैशांत राहायचे. प्रत्येकाची ट्रंक भिंतीला लावलेली, एका टोकाला वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी. पलंगाखालची ती ट्रंक तिथलीच.

आधी हॉटेलातल्या बँडमध्ये नाचाचं संगीत वाजवलं. मग 1949चा दारूबंदीचा कायदा आला, क्लब आणि हॉटेलं ओस पडू लागली आणि बँडवाले सिनेमाकडे वळले. सिनेमालाही तेव्हा माणसं हवीच होती. त्याच्या आधीच्या काळात पुण्याच्या ‘प्रभात’सारख्या कंपन्यांत वादक पगारी नोकर असायचे. कंपन्या मोडल्या, स्वतंत्र निर्माते आले आणि वादक रोजावर आले: जिथे गाणं तिथे आज. नौशाद यांच्या ‘आन’च्या वेळी, 1952 साली, वादकांचा आकडा शंभराच्या घरात गेल्याची तेव्हा केवढी चर्चा झाली होती. शंभर म्हटलं की त्यातले बरेचसे तंतुवाद्यवाले असणार हे ओघाने आलंच.

हे इतके लोक एका सुरात आणायचे तर कुणीतरी लिहून द्यायला हवं. संगीतकार पेटीवर चाल करायचा, तबल्याबरोबर सिटिंग व्हायचं, आणि मग अरेंजर ती चाल वीस-पंचवीस कागदांवर वाटून द्यायचा. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबास्टियन डिसोझा. ते फाळणीआधी लाहोरला हॉटेलात बँड चालवत होते. गायिकेच्या ओळीच्या पाठीमागून व्हायोलिनची दुसरीच एक ओळ तिला न अडखळवता चालत राहते, ती त्यांची खासियत. सी. रामचंद्र म्हणजे आपले पुणतांब्याचे चितळकर; त्यांच्या गाण्यांना ट्रंपेटवाल्या चिक चॉकलेटची जोड होती, आणि ‘अलबेला’त (1951) तो बँडसकट पडद्यावरही दिसतो. फ्रँक फर्नांड यांनी हिंदी सिनेमात कमावलं आणि ‘आमचें नशीब’ आणि ‘निर्मोण’ हे कोंकणी सिनेमे काढले. मराठी घरांत ही नावं फारशी घेतली जात नाहीत. आम्ही संगीतकाराचं घेतो, गायिकेचं घेतो, फार तर कवीचं.

कागदावरून वाजवणं म्हणजे कोरडं वाजवणं, असा आपल्याकडे एक समज आहे. मलाही बराच काळ तसंच वाटायचं. त्या खोलीत बसून तो उतरला. व्हायोलिनच्या चार तारा: जी, डी, ए, ई. गाणं पेटीवर बसवलेलं असतं आणि गायिकेचा सूर काळी चार. संगीतकाराला त्याचं काही नाही, पेटीची काळी चार दाबायची की झालं. पण व्हायोलिनवाल्याच्या कागदावर त्याचे होतात चार फ्लॅट, म्हणजे चार उतरलेले सूर, आणि चारांपैकी तीन मोकळ्या तारा बाद. आता प्रत्येक सूर बोटानेच धरायचा, आणि सोळा माणसांची सोळा बोटं एकाच जागी पडली पाहिजेत. काळी चारचं गाणं रेडिओवर लागलं की अंकलची डाव्या हाताची बोटं मांडीवर आपोआप वाकायची. दुखऱ्या गुडघ्याला पाऊस कळतो तसं.

आणि मींड. रेघांवर सूर लिहिता येतो, एका सुरावरून दुसऱ्यावर कसं घसरायचं ते लिहिता येत नाही. कॉपिस्ट, म्हणजे हे कागद उतरवून काढणारा, फक्त एक तिरपी रेघ ओढायचा. एकटा वादक घसरला तर ती त्याची मींड. सोळा जण घसरले तर प्रत्येकाचा वेग वेगळा, आणि मग मांजरांच्या भांडणासारखा आवाज होतो. ‘घसरगुंडी असते ना बागेत? सोळा पोरं एकदम सोडायची आणि मध्ये कुठंही फोटो काढला तरी सगळी एका उंचीवर हवीत.’ गायिका एकदा गुणगुणून दाखवायची, सेक्शनचा लीडर एकदा वाजवून दाखवायचा, लगेच सगळ्यांनी मिळून. याची तालीम म्हणाल तर तीन-चार वेळा. मग टेक.

व्हायोलिनवाले जोडीने बसत. दोघांत एक स्टँड, त्याला डेस्क म्हणायचं. पान उलटायचं काम आतल्या बाजूच्या माणसाचं. तो दोन सूर सोडून पान उलटतो तोवर बाहेरचा वाजवत राहतो. पण टेकमध्ये पान खुडबुडलं तर माइक ते पकडतो. म्हणून कागद आधीच चिकटवून एकाशेजारी एक पसरून ठेवायचे. माझ्याकडच्या कागदाची उजवी कड जाड आणि खरखरीत आहे. तिथे कधीतरी खळ लागलेली आहे, म्हणजे त्याला अजून एक पान जोडलेलं होतं. ते गेलं.

सगळ्यांचे गज एकाच दिशेने हलायचे. रेकॉर्डिंगला बघायला कोण असतं, मग हे कशासाठी, असं मी विचारलं होतं. त्यांनी उत्तर न देता एकच सूर दोनदा वाजवला. एकदा गज खाली ओढून, एकदा वर ढकलून. खाली येणारा सूर सुरुवातीला जड असतो आणि मग हलका होत जातो. वर जाणारा उलटा. अर्धे खाली आणि अर्धे वर असले की गिचमिड झाली. मग ओळीला उतार-चढाव राहत नाही, सपाट होते. गाण्यात व्हायोलिनची लाट आली असं आपण म्हणतो. त्या लाटेच्या मागे पेन्सिलीने केलेल्या बारीक खुणा असतात: इथे खाली, इथे वर, इथे अर्ध्याच गजात.

साठच्या दशकापर्यंत तर सगळं एकदमच व्हायचं. गायिका, ताल, व्हायोलिनं, बासरी, सगळे एका हॉलमध्ये. थोडे माइक, आणि कोण माइकपासून किती लांब यावर सगळा तोल. ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचं फेमस, वांद्र्याचं मेहबूब: अंकल ही नावं घराच्या खोल्यांसारखी घ्यायचे. फेमसला मिनू कात्रक ध्वनिमुद्रणाला बसायचे. टेकच्या वेळी पंखे बंद. चौथ्या मिनिटाला एखाद्याचा गज चुकून तारेला लागला तर सगळं पहिल्यापासून, गायिकेसकट. ‘चूक कोणाची ते सगळ्यांना माहीत असायचं, पण वळून कुणी बघायचं नाही. उद्या आपली पाळी.’

आषाढीला देहू-आळंदीच्या दिंड्या पाहताना मला हे नेहमी आठवतं. पन्नास टाळकरी असतात, पण टाळ एकच वाजतो. एखाद्याचा वेगळा ऐकू आला तर वीणेकरी त्याच्याकडे बघतो. दिंडीत त्याची नाराजी नसते कारण टाळकरी पांडुरंगासाठी वाजवतो आहे. अंकल कशासाठी वाजवत होते? मी एकदा तरुणपणीच्या आगाऊपणात विचारलं की या एवढ्या गाण्यांत तुमचा आवाज कुठला? ते म्हणाले, ‘ऐकू आलो असतो तर दुसऱ्या दिवशी मेसेंजर आला नसता.’ मेसेंजर म्हणजे उद्या कुठे, किती वाजता, हे घरोघर सांगत फिरणारा माणूस. तो आला तर रोज मिळाला. एका निर्मात्याच्या पार्श्वसंगीताचे पैसे कधीच आले नाहीत, चेक दोनदा परत आला. तरी त्याच निर्मात्याचा मेसेंजर पुढच्या वर्षी दारात उभा राहिला तेव्हा आंटीने आधी चहा दिला आणि मग शिव्या.

हे सगळं फक्त आपल्याकडे असं नाही. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या गाण्यांतली तंतुवाद्यं तिथल्या सिंफनी ऑर्केस्ट्रातले लोक वाजवायचे. कॉन्सर्टमास्टर गॉर्डन स्टेपल्स त्यांचा म्होरक्या. ऐकणाऱ्यांना गायक माहीत, व्हायोलिनवाले नाहीत. पण एक फरक मोठा आहे आणि तो मला वय झाल्यावर कळला. स्टेपल्सला आणि त्याच्या माणसांना परत जायला सिंफनीतली पगारी खुर्ची होती. मुंबईच्या व्हायोलिनवाल्याला ती नव्हती. मेहली मेहतांनी 1935 साली बॉम्बे सिंफनी काढली, जिनी दिनशॉ यांनी 1962 साली बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा. पण त्यांवर कुणाचं घर चालणार नव्हतं. पगारी, व्यावसायिक असा ऑर्केस्ट्रा शहरात उभा राहायला 2006 साल उजाडलं, तो एनसीपीए या कलासंस्थेचा, आणि सुरुवातीला त्यातल्या बऱ्याचशा खुर्च्यांवर परदेशातून आणलेले वादक होते. त्या आधीच्या साठ-सत्तर वर्षांत व्हायोलिन वाजवून संसार करायचा असेल तर जागा एकच होती, सिनेमाची.

अँथनी गोन्साल्विस यांना हेच डाचत असणार. माजोर्ड्याचा हा माणूस 1943 साली नौशाद यांच्याकडे व्हायोलिन वाजवायला लागला, पुढे अरेंजर झाला, आणि लहानग्या प्यारेलालला त्याने व्हायोलिन शिकवलं. 1958 साली त्याने सिनेमातलेच वादक गोळा करून ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ काढला. रागदारी आणि सिंफनी यांची मोट बांधायची, आणि गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. टिकला नाही तो. 1965 साली गोन्साल्विस अमेरिकेला गेले, परतल्यावर गावी राहिले आणि 2012 साली गोव्यातच वारले. देशाला त्यांचं नाव पाठ आहे ते 1977च्या एका विनोदी गाण्यातलं, अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभचं. शिष्याने गुरूला दिलेली मानवंदना होती ती. मला ते गाणं आवडतं, पण ते लागलं की हसू येता येता अडकतं.

अंकलना मात्र यातलं काही डाचताना मी पाहिलं नाही. किंवा मला दिसलं नाही.

मी शिकत होतो त्याच वर्षांत त्यांचं काम कमी होत चाललं होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मला वाटायचं ते माझ्यासाठी दुपारचे घरी थांबतात. आधी मल्टिट्रॅक आला. आता सगळ्यांनी एकदम वाजवायची गरज उरली नाही. चोवीस जणांऐवजी सहा बोलवायचे आणि तोच भाग त्यांच्याकडून चारदा वाजवून घेऊन एकावर एक चढवायचा. कागदावर हिशेब बरोबर. पण चोवीस माणसांच्या आवाजाला जी ऊब असते, ती चोवीस जण अगदी तंतोतंत एकच सूर लावत नाहीत म्हणून असते. केसभर इकडे, केसभर तिकडे, प्रत्येकाच्या थरथरीचा वेग वेगळा, प्रत्येकाचं लाकूड वेगळं. त्या बारीक फटींतून आवाज रुंद होतो. सहा जणांनी चारदा वाजवलं की तीच सहा लाकडं, तीच सहा मनगटं, त्याच सहा सवयी पुन्हा पुन्हा. ‘सहा माणसं चार वेळा मोजली म्हणून चोवीस होत नाहीत,’ अंकल म्हणायचे. आणि मग थोडं थांबून, ‘पण तेवढं कोण ऐकतो?’

मग कीबोर्ड. यामाहाचा डीएक्स-सेव्हन 1983 साली बाजारात आला आणि काही वर्षांत असली यंत्रं प्रत्येक स्टुडिओत दिसायला लागली. व्हायोलिनच्या नावाचं एक बटण. सुरुवातीला तो आवाज अगदीच प्लॅस्टिकचा होता, पण बटणाला चहा लागत नाही, ते उशिरा येत नाही, आणि काळी चारला त्याची काही हरकत नसते. एका दुपारी मी क्लासला गेलो तर अंकल विविध भारती ऐकत बसले होते. गाणं नवीन होतं. व्हायोलिनची लांब ओळ आली आणि ते म्हणाले, ‘ऐक. हे श्वास घेत नाय.’ मला तेव्हा फरक कळला नाही. आता कळतो. खरा सेक्शन गज परतवताना एक अगदी बारीकशी फट सोडतो, दोन ओळींच्या मध्ये. बटण सोडत नाही.

मी अठ्ठ्याऐंशीत, नववीत, व्हायोलिन सोडलं. कारण काही थोर नाही, क्रिकेट आणि बीजगणित. वडील थोडे हिरमुसले. गाणारं व्हायोलिन आमच्या घरात कॅसेटवरच राहिलं.

1996 साली अंकल-आंटी मुंबईचं घर सोडून गावी जायला निघाले, तेव्हा मी भेटायला गेलो होतो. खोलीभर पसारा. पलंगाखालची ट्रंक उघडी होती आणि तिच्यात कडेपर्यंत असे कागद: सेकंड व्हायोलिन, सेकंड व्हायोलिन, क्वचित एखादं व्हायोला. दारात रद्दीवाला काटा घेऊन उभा. मी म्हटलं, अंकल, हे विकताय? ते म्हणाले, ‘माझा भाग एकटा काय करणार?’ आणि खरंच होतं ते. मी एक कागद उचलून नजरेने वाचायचा प्रयत्न केला. चार बार लांब सूर, आठ बार विराम, मग एक धावती ओळ वर जाते आणि मध्येच तुटते, कारण पुढचं फर्स्ट व्हायोलिनवाले उचलतात. जिगसॉच्या कोड्यात निव्वळ निळ्या आभाळाचा तुकडा हातात यावा तसं. यावरून चित्र कसलं ते कसं सांगणार?

‘हे कुठलं गाणं?’

त्यांनी चष्मा लावला, कागद लांब धरला. ‘एस थ्री. तिसरं गाणं. कुठल्या पिक्चरचं ते लिहिलं नाय. आम्हाला कुठं सांगायचे?’

‘आणि हा चष्मा कुणी काढला?’

ते हसले. तो सगळ्या ऑर्केस्ट्रावाल्यांचा चष्मा असतो म्हणाले. त्याचा अर्थ: इथे कागदात बघू नको, वर बघ. कंडक्टर इथे काहीतरी करणार आहे.

बाकीचे कागद काट्यावर गेले. किलोला काय भाव मिळाला ते मी विचारलं नाही. आंटीने मला खिडकीतली कुंडीही दिली होती. ती आमच्याकडे दोन उन्हाळे टिकली.

2016 साली ‘सैराट’ थिएटरात पाहिला. शिट्ट्या, नाचणारी पोरं, त्या गोंधळात तंतुवाद्यांची एक मोठी लाट आली आणि मी खुर्चीत सरळ झालो. श्वास होता तिच्यात. पुणे जिल्ह्यात वाढलेल्या अजय-अतुल यांनी तो ऑर्केस्ट्रा लॉस एंजेलिसला, सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित केला होता. चाल आपली, कागद रेघांचा, वाचणारे तिकडचे. एरवीही आता आपल्या सिनेमांची व्हायोलिनं बुडापेस्टला किंवा उत्तर मॅसेडोनियात स्कोप्येला वाजतात. इथून नोटेशन जातं, तिथले लोक शिफ्टमध्ये वाजवतात आणि संगीतकार इथे स्क्रीनसमोर बसून ऐकतो. त्यातल्या सेकंड व्हायोलिनवाल्यालाही हे गाणं कशाचं ते सांगत नसतील. त्याच्याही कागदावर ‘एस थ्री’च असेल. वाईट वाटलं का? थोडं वाटलं, पण वाटलं ते त्या थिएटरात ऐकायला अंकल नव्हते म्हणून. ते असते तर पहिल्या लाटेलाच म्हणाले असते, किती डेस्क आहेत ते.

आता कागदाचं. गेल्या जुलैत बोरिवलीला रिक्षात अडकलो होतो, धो धो पाऊस, रिक्षावाल्याचा एफएम चालू. तुम्हा-आम्हा सगळ्यांना पाठ असलेलं एक गाणं लागलं. साठच्या दशकातलं. मी ऐकत नव्हतो, मीटरकडे बघत होतो. पहिला अंतरा सुरू झाला आणि काही वेळाने माझ्या लक्षात आलं की माझा अंगठा गुडघ्यावर चालला आहे. पाच दोन तीन चार. सहा दोन तीन चार. का मोजतोय, माहीत नाही. बारा झाले. तेराव्याच्या दुसऱ्या मात्रेवर, गायिकेच्या पाठीमागून, ऐकू येईल न येईल इतक्या हळू, व्हायोलिनं आली.

घरी जाऊन ओल्या कपड्यांनीच खण उघडला. मोबाइलवर गाणं लावलं आणि कागदावर बोट ठेवून चाललो. सूर जुळेनात. कागदावरचा सूर आणि मोबाइलमधला सूर यांत अर्ध्याहूनही कमी फरक, धड वरचा नाही, धड खालचा नाही. हिरमोड झाला. मग आठवलं की जुन्या टेपा नकलताना किंचित वेगात फिरल्या की गाणंच्या गाणं चढतं. सूर सोडून दिले आणि फक्त विराम मोजत गेलो. चार बार सूर, आठ बार गप्प. बरोबर. धावती ओळ, मध्येच तुटणारी. बरोबर. माझं बोट सातव्या ओळीवर त्या पेन्सिलीच्या चष्म्यापाशी आलं, आणि नेमकी तिथेच गायिका एका शब्दावर रेंगाळली. ताल थांबला. सगळा हॉल थांबला. इतकी वर्षं ते गाणं ऐकलं, ती जागा ‘काय सुंदर थांबते बाई’ म्हणून शंभरदा वाखाणली, पण तिच्याबरोबर अख्खा ताफा गज अधांतरी धरून वर बघत थांबला आहे, हे कधी ध्यानात आलं नव्हतं. मग कुणाचा तरी हात खाली आला असणार, आणि सगळे एकदम उतरले.

मी गाणं परत सुरुवातीला नेलं.

‘कुठलं गाणं आहे रे?’ आतून आवाज आला.

मी हातानेच थांब म्हटलं. नववा बार चालला होता.